दुपारी कुणाला उठवायचं नाही

मामा, दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून आम्ही मागं सरतोय न सरतोय तोच तो लिंबावरून उतरला, चोच मारली आणि गेलासुद्धा. बायका म्हणाल्या, "ग्यानबाची कसली विच्छा ऱ्हायली नव्हती गं, सुखानं गेला." असेल. तुमची राहिली नसेल. माझी राहिली आहे, तिचं काय? एवढी मोठी बातमी घेऊन मी बार्शीहून धावत आले आणि ती तुम्हाला सांगायचीच राहून गेली. आता ती काय कावळ्याला सांगू?

म्हणून लिहायला बसले. तुम्ही म्हणायचात, "गोदीला गप करायचं तर आधी तिची दौत लपवाय पायजे." दौत माझ्यापुढं आहे, मामा. कुणी लपवलेली नाही. ऐका.

निजामाचं राज्य गेलं! खरंच गेलं. हिंदुस्थानची फौज आली, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी जे कधी संपायचं नाही असं गृहीत धरलं होतं ते बघता बघता गुंडाळलं गेलं. भूमच्या कचेरीवर झेंडा चढला. कालपर्यंत ज्या पायरीवर वहाणा काढून, मान खाली घालून उभं राहावं लागायचं, त्या पायरीवर बाजारकरी बसून शेंगा सोलत होते. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

आणि नेमक्या त्या दिवशी, नेमक्या त्या दुपारी तुम्ही गेलात. मला दुःख आहेच, पण खरं सांगायचं तर आधी राग आहे. सगळी लढाई बघायला थांबलात आणि निकाल ऐकायला थांबला नाहीत! असं कुणी करतं का?

आपलं पहिलं भांडण आठवतं? इंग्रजाच्या पलटणीतून तुम्ही लंगडत परत आलात तेव्हा अख्खी वाडी तुम्हाला बघायला लोटली होती. आई तुमची धाकटी बहीण, ती आजारी, म्हणून तिनं मला पाठवलं, सोबत लाडवांचा डबा देऊन. लाडवांच्या खाली पत्रकं होती हे आईला माहीत नव्हतं. निजामाच्या हद्दीवरच्या नाक्यातल्या शिपायालाही कळलं नाही. त्यानं वरचे दोन लाडू खाल्ले आणि मला सोडलं. इथं सोजरमामीनं डबा रिकामा केला तशी जांभळ्या शाईची पत्रकं वर आली. तुम्ही एक उचललंत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलंत: "बंधूंनो, जागे व्हा! वेठीला जाऊ नका!"

मी छाती पुढं काढून बसले होते. वाक्य माझं होतं. जहागीरदाराच्या कामावर घरटी एक माणूस फुकट राबायला जायचा, भाकरी घरची, घाम स्वतःचा, आणि वर शिपायाच्या शिव्या. त्या वेठीविरुद्ध मी रात्रंदिवस लिहीत होते. आणि तुम्ही काय केलंत? हसलात.

"निजलंय कोण गं पर?" तुम्ही विचारलंत. "वेठीला जाणारा माणूस निजतो कवा?"

मी भडकले. म्हटलं, ज्यांनी आपल्या मुलखात जुलूम चालू असताना इंग्रजासाठी परक्या मुलखात जाऊन पाय मोडून घेतला, त्यांनी आम्हाला शिकवू नये. मामीचा भाकरी थापणारा हात थांबला. कुणी मोठ्या माणसाशी असं बोलत नाही. तुम्ही मात्र लाडू मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवलात.

"म्या लढलो थोडं," तुम्ही म्हणालात. "निजलो लई. तेवढंच सांगाय परत आलोय."

झालं. त्या दिवसापासून तुम्ही गावाचे 'इटलीवाले' झालात. इतर पलटणवाले तोफांच्या गोष्टी सांगायचे. तुमच्या गोष्टीत तोफ एकदाच वाजायची, पाय जखमी करण्यापुरती; मग दवाखाना, आणि मग तो डोंगर. पायाला आराम पडावा म्हणून पलटणीनं तुम्हाला तिथल्या एका शेतकऱ्याच्या घरी ठेवलं होतं. तुम्ही इतक्या वेळा सांगितलंत की मी कधी बार्शीच्या पुढं फारशी गेले नाही, पण ते घर मला पाठ आहे. दगडी घर, खाली गोठा, वर माणसं. गोठ्यात पांढरे बैल, आपल्या खिलारीचे थोरले भाऊ शोभावेत असे. डोंगराला पायऱ्यापायऱ्यांच्या ताली घातलेल्या, नुसत्या दगडावर दगड, मधे चुना नाही की माती नाही. त्या तालींवर द्राक्षांचे वेल, आणि पानं उलटली की चांदीसारखी चमकणारी झाडं.

"पर त्येचं फळ कडू जहर!" तुम्ही सांगत होतात. "आन् त्याच कडू फळाचं गोडं तेल काढत्यात. पावावर वतून खात्यात."

हुसेनचाचा पिंजारी तुमच्या शेजारी बसलेले. ते एकदम ताठ झाले. "अरे ग्यानबा, वो तो जैतून! कुराणशरीफमधी नाव हाय त्येचं. तू जैतून खाल्ला?"

"खाल्ला की."

"आन् आमी नुसतं नाव घेतो जन्मभर," हुसेनचाचा म्हणाले आणि तुमच्या पाठीत एक धपका घातला. त्यानंतर किती दिवस ते तुमची ओळख 'जैतून खाल्लेला माणूस' अशीच करून द्यायचे. त्या घरच्या द्राक्षाच्या रसाबद्दल विचारलं की मात्र तुम्ही मामीकडं बघून विषय बदलायचात.

घरधनी पिएत्रो, त्याची बायको रोझा. तुमच्या तोंडी पेत्रोबा आणि रोजाबाई. पेत्रोबा म्हटलं की मला वाटायचं, माणूस आपल्या सोनारीच्या यात्रेत नारळ घेऊन उभा असेल. त्याची जमीन त्याची नव्हती. मालकाची. पिकाचा अर्धा वाटा मालकाला, अर्धा पेत्रोबाला. म्हणजे आपली बटईच. आणि तुमची सगळ्यात आवडती गोष्ट त्या बटईवाल्याची होती.

दुपारचं जेवण झालं की त्या घरात खिडक्यांच्या लाकडी झडपा लागायच्या आणि सगळे निजायचे. रोजाबाई, सुना, कुत्रं, बैल, सगळे. तुम्हाला झोप येत नव्हती. लढाईत तुमची झोप कुठं तरी सांडली होती. पहिल्याच दुपारी खाली घोड्याच्या टापा वाजल्या आणि तुम्ही अंथरुणातून उडी मारलीत. मालकाचा कारभारी आला होता. खालून ओरडत होता. आणि पेत्रोबानं, तुम्ही सांगायचात, बुजलेल्या बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा तुमच्या छातीवर पंजा ठेवला आणि तुम्हाला परत आडवं केलं. स्वतःही कूस बदलून निजला. कारभारी झाडाखाली उन्हात-सावलीत बसून राहिला. ऊन कलल्यावर पेत्रोबा उठला, तोंड धुतलं, खाली गेला आणि म्हणाला, या.

"त्या दिशी म्या पयल्यांदा निजलो," तुम्ही सांगायचात. "घोरलो म्हनं. रोजाबाई हसत हुती."

सगळं गाव ही गोष्ट ऐकून मान डोलवायचं. मी नाही डोलवली. मी तेव्हाच विचारलं, "आणि अर्धं पीक?"

"ते नेलं त्येनं."

"मग? अर्धं पीक लुटून नेतो आणि तुम्ही झोपेचं कौतुक सांगता?"

"अर्धं पीक नेलं, गोदे. अर्धा दिस न्हाय नेऊ दिला."

"दिवस काय भाकरीशी लावून खायचा?"

"आधी खायला बसाय तरी मिळू दे की माणसाला!"

हे भांडण आपण कुठं कुठं केलं! खळ्यावर, भूमच्या बाजारात बैलगाडी उभी करून, एकदा तर तुम्ही धान्याच्या पेवात उतरला होतात आणि मी वरून वाकून ओरडत होते. निकाल लागला नाही. लावूनच टाकते, तुम्ही मधे बोलायला नाहीत म्हणून: मामा, अर्धं पीक जातच होतं. तुमच्या पेत्रोबानं तेही मागायला हवं होतं. मी आजही हेच म्हणते.

पण तुमच्या बाजूनंही एक गोष्ट मला लिहावी लागेल, कारण ती मी बघितली.

उन्हाळा होता. ओढ्यावर जहागीरदाराच्या बागेसाठी बांध घालायचं काम वेठीवर चाललं होतं. तुमच्या घरची पाळी आली. मामी म्हणाली, पाय असला, जाऊ नका. तुम्ही गेलात. दुपार झाली, भाकरी खाल्लीत, लिंबाखाली उपरणं अंथरलंत आणि आडवे झालात. माश्या घोंगावत होत्या, म्हणून फेट्याचा सोगा तोंडावर ओढलात. शिपाई ओरडला. तुम्ही सोग्याच्या आतून म्हणालात, "उठतो की. ऊन उतरल्यावर." त्यानं काठी आपटली. तुम्ही घोरायला लागलात. लंगड्या पलटणवाल्याला मारावं की नाही हे त्याला ठरवता येईना. दुसऱ्या दिवशी हुसेनचाचा तुमच्या शेजारी आडवे झाले. मग सुतार. मग बायका, पदर तोंडावर घेऊन. 'वेठीला जाऊ नका' हे माझं पत्रक वाचून एकही माणूस घरी राहिला नव्हता, कारण घरी राहणाऱ्याच्या पाठीचं काय होतं ते सगळ्यांनी बघितलं होतं. पण वेठीला जाऊन निजायचं, हे त्यांना जमलं.

त्या आठवड्यात मी आले. मामी म्हणाली, सगळे ओढ्यावर आहेत. मी तिथं पोचले तर लिंबाखाली ओळीनं माणसं, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली, आणि ओळीच्या शेवटी खुद्द शिपाई, पट्टा काढून, तोंडावर मुंडासं घेऊन! एकट्यानं जागं राहून किती ओरडणार बिचारा. मला वाटलं, हाच क्षण! आत्ता घोषणा द्यायची, सगळ्यांना उभं करायचं, तसंच कचेरीवर न्यायचं. मी हात वर केला आणि ओरडले, "बंधूंनो!"

तुम्ही फेट्याचा सोगा जरासा बाजूला केलात. एक डोळा उघडलात.

"गप गं," म्हणालात. "लोक निजल्यात."

आणि डोळा मिटलात.

मी रागानं ओळीशेजारी मातीत बसले. पदर खांद्यावर, केस सुटलेले, डोकं दोन्ही हातांत धरलेलं. तेवढ्यात ओढ्यापलीकडं जहागीरदाराच्या कारभाऱ्याची घोडी आली. त्यानं हाक मारली. कुणी हललं नाही. दुपारी कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही हे ठरलेलं. त्यानं पुन्हा हाक मारली, शिपायाचं नाव घेऊन. शिपायाचाही पाय हलला नाही. मी मान वर करून कारभाऱ्याकडं बघितलं. मी काही बोलणार होते, चांगलं खरमरीत, पण त्याचा चेहरा बघून थांबले. तो माझ्याकडं बघत होता, मग ओळीकडं, मग पुन्हा माझ्या सुटलेल्या केसांकडं. त्यानं उपरण्याचा शेव नाकाला लावला, घोडी फिरवली आणि असा दौडला की धूळ बसेपर्यंत मला काही उमगलंच नाही.

पटकी! त्याला वाटलं, पटकीनं माणसं मेली आणि ओळीनं झाकून ठेवली, आणि मी एकटी रडायला उरले.

सांगता सांगता मला हसू आवरेना. तुम्ही उठलात, ऐकलंत, ओळीकडं बघितलंत. उन्हाळ्यात तोंड झाकून निजायची आपली सगळ्यांचीच रीत. ती अशी दिसत असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शिपाई घाईघाईनं पट्टा बांधत होता. "माझी नोकरी गेली," म्हणत होता.

"नोकरी कशाची," तुम्ही त्याला म्हणालात, "तू बी मेलास की त्यात. जा घरला. बायकोला भेट."

संध्याकाळपर्यंत वेशीबाहेर दवंडी पिटली गेली. वाडीत कुणी जायचं नाही, वाडीतून कुणी बाहेर पडायचं नाही. जहागीरदार म्हणे कुटुंबकबिल्यासकट दूर निघून गेला. बांध अर्धा राहिला. वेठ बंद. आपण कुणी खोटं बोललो नव्हतो. आपल्याला कुणी विचारलंच नव्हतं. पण मामा, त्यातली एक गोष्ट तेव्हाही मला झोंबली होती आणि आजही झोंबते. एक अख्खी वाडी पटकीनं मरते आहे असं ज्यांना वाटलं, त्यांनी दवंडीवाला पाठवला. औषधाची एक बाटली पाठवली नाही. असल्या राज्याचं काय करायचं असतं ते मी पत्रकात लिहिलं होतं. आता करून झालं.

मीही वाडीत अडकले. तिकडं बार्शीत माझे सोबती माझी वाट बघत असतील, काम खोळंबलं असेल, या विचारानं पहिले दिवस मी पिंजऱ्यातल्या घुशीसारखी फिरत होते. मग हळूहळू पाय थांबले. जन्मात एवढी निवांत मी कधी नव्हते, आणि ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सकाळी सगळं गाव डोंगराच्या उतारावर जमायचं, तुम्ही पेत्रोबासारख्या दगडाच्या ताली रचायला शिकवायचात. "दगडाला त्येची जागा इचारा," म्हणायचात. वेठ नव्हती म्हणून हात मोकळे होते; पहिल्यांदाच आपल्या जमिनीवर आपलं काम. दुपारी तिथल्याच लिंबाखाली सगळे आडवे. मी बसून लिहायचे. तुम्ही मुद्दाम माझ्या शेजारी निजायचात आणि झोपेतल्यासारखं पुटपुटायचात, "बोरू कुरकुरतोय बग कुठं तरी. उंदीर झाल्यात लई." लिंबोळ्या टपटप पडायच्या. मी कितीदा लिहिता लिहिता थांबून नुसता तो आवाज ऐकत बसले. मामी भाकरीबरोबर करडईचं गोडं तेल वाढायची, पेत्रोबाच्या थाटात, आणि हुसेनचाचा बोट चाटून म्हणायचे, "जैतून न्हाय, पर चलेगा."

तो तुमचा इटलीतला डोंगर होता, मामा. माझा हा. आपण दोघंही जखमी नसतो तर दोघांनाही तो मिळाला नसता. तुमची जखम दिसायची. माझी, कधी स्वस्थ बसता न येण्याची, मी 'जागे व्हा' खाली झाकून ठेवली होती.

पुढं बंदी उठली, मी परत कामाला लागले. वेठ काही पुन्हा नीट उभी राहिली नाही. दुपारची लिंबाखालची ओळ मात्र राहिली. दुपारी कुणाला उठवायचं नाही, हा वाडीचा कायदाच झाला. निजामाचे कायदे कुणी मनापासून पाळले नाहीत. हा पाळला.

आता त्या दिवसाचं सांगते. तुम्ही तिथंच होतात, पण तुम्हाला ते माहीत नाही.

बार्शीत बातमी आली तशी मी निघाले. थोडं गाडीतून, बरंचसं पायी. नाक्यावर आले तर नाका मोकळा! आडवं टाकलेलं लाकूड वर उचललेलं, आणि ज्या खाटेवर बसून तो शिपाई माझे लाडू खायचा त्या खाटेवर एक शेळी रवंथ करत बसलेली. मी उगाच दोनदा आत-बाहेर केलं. कुणी विचारत नाही म्हणजे काय, ते अंगाला कळावं म्हणून. भूमला झेंडा बघितला. तिथून आपल्या वाडीपर्यंत मी अक्षरशः पळत आले, वाटेत भेटेल त्याला ओरडून सांगत. पण मनात एकच होतं: इटलीवाल्यांच्या पुढ्यात उभं राहायचं आणि म्हणायचं, बघा, जागे राहिलो म्हणून झालं!

पोचले तेव्हा ऐन दुपार होती. तालीवर लिंबाखाली ओळ होती, झाकलेली. तुम्ही कडेला, फेट्याचा सोगा तोंडावर, दुखरा पाय एका दगडावर टेकलेला. मी तोंड उघडलं. हुसेनचाचा तेवढे जागे होते. त्यांनी हात वर केला, ओठांवर बोट ठेवलं. "आत्ता डोळा लागला त्येचा. सोने दे बेटी."

मामा, मी बसले. मी! धापा टाकत, पोटात राज्य उलटल्याची बातमी, आणि मी तुमच्या शेजारी मांडी घालून तोंड मिटून बसले. तुमच्या कायद्याला मी तेवढाच एकदा मान दिला. वाटलं, उठतील तेव्हा पहिलं वाक्य काय म्हणायचं ते ठरवावं. चार-पाच वाक्यं ठरवली. तुम्ही काय उत्तर द्याल तेही ठरवलं.

ऊन उतरलं, एकेक जण उठू लागला. ज्यानं त्यानं मला विचारलं, कधी आलीस? मी कानात सांगितलं, निजाम गेला. आणि काय झालं सांगू? सगळे कुजबुजत नाचले! सुतारानं तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून उड्या मारल्या. बायकांनी आवाज न करता फुगड्या धरल्या. मामीनं मला असं घट्ट धरलं की बांगडी वाढवली, आणि हसू दाबून दाबून तिच्या डोळ्यांना पाणी आलं. हुसेनचाचा मात्र हसता हसता थांबले, जमिनीकडं बघत राहिले. "आता आमचं काय?" असं ते म्हणाले नाहीत, पण मामी तसं ऐकल्यासारखी त्यांना म्हणाली, "गप बसा हो. तुमी आमचंच की." तेही कुजबुजत. सगळ्या जन्माचा आनंद आम्ही कुजबुजत केला, मामा, का तर तुम्ही निजला होतात.

शेवटी मामीच म्हणाली, "बास झालं. ह्या बातमीला उठवलं तर रागावणार न्हाईत." आणि तिनं सोगा बाजूला केला.

पुढचं लिहीत नाही. तुमचा चेहरा शांत होता एवढंच. कारभारी निजलेल्यांना मेलेले समजून पळाला होता, त्याला आम्ही किती हसलो होतो. आम्ही काय केलं?

एक वाईट बातमीही आहे, तीही ऐका, कारण अर्धंच सांगितलं तर तुम्ही ते लगेच ओळखाल. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या गावचे काही जण काठ्या घेऊन हुसेनचाचांच्या दाराशी आले. झेंडा हातात, तोंडात आमच्याच घोषणा. माझ्या घोषणा! ज्या माणसानं आमच्या बरोबरीनं वेठ काढली त्याचं दार फोडायला. सुतकातली मामी उठली, जाऊन चाचांच्या उंबऱ्यात बसली. मी तिच्या शेजारी. सुतार आला, बाकीचे आले. मी त्या काठीवाल्यांना जे सुनावलं ते लिहून ठेवण्यासारखं नाही. ते गेले, पण त्यांच्या डोळ्यांत लाज नव्हती, आणि सगळ्या गावांत मामी नाही. यासाठी मी डब्याच्या तळाशी पत्रकं लपवली नव्हती. यावर आता लिहायचं आहे, आणि कुणाला आवडणार नाही असं लिहायचं आहे.

दहावा झाला त्या दिवशी दुपारी वाटलं, आज कुणी लिंबाखाली जाणार नाही. पण मामीच उठली, तुमचंच उपरणं घेतलं आणि अंथरलं. मग सगळे आले. हुसेनचाचा तुमच्या जागेच्या शेजारी. माणसं आडवी झाली, तोंडावर पदर, सोगे, मुंडाशी. पण आता एक नवीन झालं आहे. मामी निजत नाही. ती ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, एकेकाचं पांघरूण उचलते, वाकून बघते आणि विचारते, "हाय का?"

"हाय गं, माय," आतून आवाज येतो. कुणी चिडत नाही. सुतार तर म्हणाला, "न्हाय, गेलो सोनारीला," तेव्हा मामीनं त्याला चापट मारली आणि पुढं गेली. तुमच्या कायद्यात ही एक दुरुस्ती झाली आहे. तुम्हाला मान्य करावी लागेल.

मीही आडवी झाले. पहिल्यांदाच, दौत बाजूला ठेवून. पदर तोंडावर घेतला. आत अंधार, लिंबाचा वास, आणि माश्यांचा आवाज बाहेर राहिलेला. माझ्या डोक्यात जहागिरीचं काय होणार, बटईचं काय, अर्ध्या पिकाचं काय, सगळं घुमत होतं. ते भांडण मी सोडलेलं नाही. उद्यापासून ते मी मागणार आहे, सगळं पीक, अर्धं नाही. मग मामीची पावलं जवळ आली. पदर उचलला गेला, ऊन डोळ्यांवर पडलं.

"हाय का गं?"

"हाय, मामी."

"मग नीज की," ती म्हणाली आणि पदर परत ओढला.

मामा, मी निजले. घोरले म्हणे. हुसेनचाचा हसत होते.